मिस कार्टरची शंका

गुणमालाबाई आवटी मूळच्या सांगलीच्या. वडिलांचं हळदीचं दुकान होतं, ते पुढं भाऊ कल्लाप्पा बघू लागला. लग्न लहानपणीच झालं आणि नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा संसार म्हणजे काय हेही त्यांना नीट कळलं नव्हतं. कल्लाप्पानं समाजातल्या लोकांचं मनावर न घेता बहिणीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. तिथून त्या मास्तरीण होऊन साताऱ्याला आल्या, त्या एकट्याच. मंगळवार पेठेत एका सोनाराच्या माडीवर त्यांची खोली होती. जैनाचा नेम म्हणून जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं. आजूबाजूच्या घरांतून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागायचा, तोवर गुणमालाबाईंची भांडी घासून पालथी पडलेली असत. मग झोपेपर्यंतचा वेळ संपता संपत नसे. खाली सोनाराची माणसं बोलत, हसत जेवायला बसत आणि वर त्या कंदिलाशी मुलींच्या वह्या तपासत.

म्हणून मिशनच्या दवाखान्यातून शिकवणीचा निरोप आला तेव्हा त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

दवाखाना गावाबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला होता. तिथं मिस कार्टर नावाची इंग्रज डॉक्टरीण राहायची. चाळिशी ओलांडलेली, उंच, उन्हानं नाकाची साल कायम निघालेली. मराठीची परीक्षा ती पास झाली होती, पण रोग्यांना तिचं बोलणं कळत नसे आणि तिला रोग्यांचं. कंपाउंडर मध्ये पडून दोन्हीकडचं सांगायचा, पण तो मुळात फटकळ. मिस कार्टर एखाद्याला पाच-सहा वाक्यांत गोडीनं समजावायची आणि कंपाउंडर त्याचं "मिरची बंद" एवढंच करून टाकायचा. तिला स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर गुणमालाबाई तिच्याकडं जाऊ लागल्या. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या मांडलेल्या असत. चहा फक्त मिस कार्टर प्यायची.

तिला शब्द पुष्कळ येत होते. अडचण होती ती वाक्याची. ते इंग्रजी वळणानं जायचं. "मला वाटत नाही की पाऊस येईल," असं ती म्हणायची. गुणमालाबाई सांगायच्या, आम्ही म्हणतो, पाऊस येणार नाही असं वाटतं. मिस कार्टर विचारात पडायची. तिचं म्हणणं असं, की तिच्याकडं 'नाही' पावसाला लावत नाहीत, आपल्या वाटण्याला लावतात. पाऊस नाही म्हणणारे आपण कोण? तिची आई तर कशालाही वाईट म्हणायची नाही. हे चांगलं आहे असं मला वाटत नाही, इतकंच म्हणायची. गुणमालाबाईंना हे ऐकून सांगलीच्या जैन बस्तीतली, म्हणजे देवळातली, प्रवचनं आठवली. तिथले पंडितही कुठली गोष्ट अशीच आहे असं ठासून सांगत नसत. इंग्रजांच्या बोलण्यात असं काही असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

एकदा मिस कार्टरनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितलं, मला भीती वाटते की तुमचं औषध आलं नाही. म्हातारा म्हणाला, "आवं मडमबाई, त्यात भ्यायचं काय? उद्या येतो की." हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. गुणमालाबाईही हसल्या. साताऱ्यात आल्यापासून आपण कुणासमोर असं हसलो नव्हतो, हे घरी येताना त्यांच्या ध्यानात आलं.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर साताऱ्याची हवा बदलली. शाळा अधूनमधून बंद पडे, पोरं झेंडे घेऊन निघत, पकडापकडी होई. इंग्रजाच्या बंगल्यावर जाणारी बाई म्हणून लोक गुणमालाबाईंकडं बघू लागले. गुणमालाबाई खोलीत आल्या की शाळेतल्या दुसऱ्या मास्तरणी बोलता बोलता गप्प होत. उघडपणे कुणी काही म्हणालं नाही. सोनाराच्या बायकोनं मात्र एकदा विचारलं, मडमेच्या घरचं पाणी पिता का हो तुम्ही. गुणमालाबाईंनी नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं. जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मुख्याध्यापिकेनं आडून सुचवून बघितलं, तरीही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मिस कार्टर एका पेशंटबद्दल बोलली. माहुलीपलीकडच्या एका गावातली सुलाबाई नावाची तरणी सून. नवरा बाळासो पलटणीत, लढाईवर दूर इजिप्तकडं. सासूसासरे तिला घेऊन आले होते. महिना झाला तरी खोकला जात नव्हता आणि पोरगी वाळत चालली होती. घरच्यांना क्षयाची धास्ती होती, कारण त्या गावात एक अख्खं घर क्षयानं बसलं होतं. मिस कार्टरनं छाती तपासली, थुंकी काचेवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं. आता तिचं मत ठरलं होतं, आणि ते तिला कंपाउंडरच्या तोंडून जाऊ द्यायचं नव्हतं.

"'डाउट'ला मराठीत काय म्हणतात?" तिनं विचारलं.

गुणमालाबाईंचं इंग्रजी जेमतेम. त्यांनी टेबलावरचा शब्दकोश उघडून बघितला. "शंका. संशयही म्हणतात, पण संशय ऐकायला वाईट लागतो. शंका म्हणा."

मिस कार्टरनं वाक्य जुळवलं. "मला शंका आहे की तिला क्षय आहे."

"असं नाही. तिला क्षय झालाय अशी मला शंका आहे."

मिस कार्टरनं ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. 'झालाय' तिच्या जिभेवर बसेना, ते गुणमालाबाईंनी बसवून घेतलं. शेवटी वाक्य इतकं सुरेख आलं की त्या म्हणाल्या, आता तुम्ही साताऱ्यात जन्मलात असंच कुणीही म्हणेल. मनातून त्यांना त्या पोरीची कीव आली. एवढ्या लहान वयात क्षय. मिस कार्टर इतकी समाधानानं कशी बसली आहे याचं थोडं नवलही वाटलं. डॉक्टर लोकांना सवय झालेली असते, असं म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काय झालं, ते पुढं वेगवेगळ्या माणसांकडून कळलं. सासरा लालासाहेब, सासू अंबूबाई आणि सुलाबाई बाकावर बसली होती. मिस कार्टर हसतच बाहेर आली. सुलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मग काळजी करू नका म्हणाली, खोकल्याचं औषध दिलं आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हणून सांगितलं. अंबूबाई सुनेकडं बघत राहिली आणि मग बाकावर थोडी बाजूला सरकली. काळजी करू नका, असं तर मरायला टेकलेल्याच्या घरच्यांनाही सांगतातच. बाहेर आल्यावर लालासाहेबानं गाडी जुंपली, पण सुलाबाईला गाडीत बसवलं नाही. ती मागून चालत गेली. चार दिवसांनी तिला सांगलीकडं माहेरी पोचवलं.

पंधरा दिवस उलटून गेले तरी कुणी दाखवायला आलं नाही. मिस कार्टरनं एक-दोनदा आठवण काढली आणि मग बाकीच्या रोग्यांत ती विसरून गेली.

पावसाळ्यात नदीकाठच्या गावांतून कॉलऱ्याची साथ आली. मिस कार्टर टांगा करून गावोगाव लस टोचत हिंडली. त्यानंतरच्या शिकवणीला गुणमालाबाई गेल्या तेव्हा ती चहाचा पेला हातात धरून नुसतीच बसली होती. मी सुलाबाईच्या सासरी गेले होते, असं तिनं सांगितलं. घरचे लोक नीट बोलेनात. सासू म्हणाली, तुमीच तर सांगितलं.

"ते म्हणतात, मी सांगितलं की तिला क्षय आहे," मिस कार्टर म्हणाली. "मी असं सांगितलं नाही. मी सांगितलं, तिला क्षय झालाय अशी मला शंका आहे."

"मग बरोबरच आहे त्यांचं. तुम्हाला तसं वाटलं होतं."

"नाही. मला उलट वाटलं होतं. म्हणून तर म्हटलं, शंका आहे."

गुणमालाबाईंना काही कळेना. त्या म्हणाल्या, समजा तुमच्या भाषेत एखादा म्हणाला, तो माणूस घरी आला आहे याचा मला डाउट आहे. तर तो आला आहे की नाही? मिस कार्टर लगेच म्हणाली, नाही आला. बोलणाऱ्याला वाटतं की नाही आला. त्यांनी पुन्हा तसंच विचारलं, दुसऱ्या वाक्यात, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाच्या पोटात 'नाही' होतं. वर कुठं ते दिसत नव्हतं, आणि शब्दकोशात 'डाउट'पुढं नुसतं शंका एवढंच लिहिलेलं होतं. मराठीत कुणी म्हणालं, तो घरी आलाय अशी मला शंका आहे, तर तो दाराआड उभा असल्यासारखाच.

त्यांनी हे मिस कार्टरला सावकाश सांगितलं. सांगून झाल्यावर मिस कार्टर उठली आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"तिला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "नुसता खोकला होता."

"मी तुम्हाला ते वाक्य शिकवलं," गुणमालाबाई म्हणाल्या.

"वाक्य माझं होतं."

चहा तसाच निवला.

पुढच्या रविवारी दोघी टांग्यानं त्या गावाला गेल्या. लालासाहेबानं त्यांना सोप्यात घोंगडं टाकून दिलं. माणूस आडदांड, पण वाईट नव्हता. गुणमालाबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. मडमबाईंच्या भाषेत शंका म्हणजे तसं नसावं असं वाटणं. आपल्या भाषेत ती उलटी झाली. तुमच्या सुनेला क्षय नव्हता, आजही नाही. लालासाहेब ऐकत होता आणि मधूनमधून मिस कार्टरच्या तोंडाकडं बघत होता.

"हासत सांगितलं हुतं त्यांनी," तो म्हणाला. "तवाच मला वाटलं, ह्यात कायतरी येगळं हाय."

पण अंबूबाई उंबऱ्यातून हलली नाही. "शंका हाय म्हणाल्या न्हवं? मग आता न्हाई कशी झाली?"

गुणमालाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अंबूबाईचं म्हणणं एकच होतं. डॉक्टर पहिल्यांदा बोलला ते खरं, मागनं बोलतो ते पांघरूण घालायला. शिवाय लेकाला पलटणीत पत्र घालून झालं होतं. तुमाला ठीक वाटंल तसं करा, असं त्याचं उत्तरही आलं होतं, आणि वाईकडची एक मुलगी बघून झाली होती. मिस कार्टर म्हणाली, मी लिहून देते. अंबूबाईनं तोंड फिरवलं. शेवटी लालासाहेब उठला आणि म्हणाला की पोरगा रजेवर येईस्तवर दुसऱ्या लग्नाचं बोलणं तो थांबवून धरील. त्यापलीकडं त्याच्या हातात काही नाही. परतताना टांग्यात मिस कार्टर रस्त्याकडं बघत बसली. गुणमालाबाईंना तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण त्यांनी ठेवला नाही.

सुलाबाईला कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. साथ चालू असताना दवाखाना सोडणं मिस कार्टरला जमण्यासारखं नव्हतं. गुणमालाबाईंनी शाळेतून रजा मागितली, मुख्याध्यापिकेनं ती कपाळाला आठ्या घालून दिली. कोळशावर चालणारी मोटर चढावर धापा टाकत त्यांना सातारा रोडला घेऊन गेली, आणि तिथून आगगाडीनं त्या निघाल्या. गाडीत त्या एकच विचार करत होत्या. खोलीत कपाट जरा सरकवलं तर भिंतीलगत दुसरं अंथरूण बसेल. दवाखान्यात हाताखाली एक बाई हवीच आहे. पोरीला सासरी घेत नाहीत, माहेरी तरी किती दिवस ठेवतील, तर ती आपल्याकडं राहील. संध्याकाळी लवकर जेवायची तिला सवय नसेल, पण होईल. तिला लिहा-वाचायलाही शिकवता येईल.

सांगलीत कल्लाप्पानं चौकशी केली तेव्हा सुलाबाईचा बाप त्याच्या माहितीतलाच निघाला. हळद घेऊन दुकानात यायचा. हरिपूरच्या वाटेला त्यांचा मळा होता. "अक्का, तुझा ह्यात काय संबंध?" कल्लाप्पानं विचारलं. दवाखान्याचं काम आहे, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं गाडी जोडून दिली.

मळ्यातलं घर रस्त्याला होतं. सुलाबाई तिथं नव्हती. तिची आई राहीबाईनं हात करून उसापलीकडं दाखवलं आणि स्वतः चार पावलं येऊन थांबली. तिकडं बांधाला पाचटाची एक खोप होती. खोपीसमोर तीन दगडांची चूल, एक पितळी, एक तांब्या, एक मडकं. सगळं एकेक. सुलाबाई निवडायला शेंगा घेऊन बसली होती. तिला बघून गुणमालाबाईंना आधी वाटलं, ही कुणी दुसरीच असेल. अंगानं भरलेली, रंग तुकतुकीत, हात कामानं घट्ट झालेले. अनोळखी बाई जवळ येतेय म्हणून ती घाईनं उठून मागं सरकली.

"लांब बसा बाई," ती म्हणाली. "मला रोग हाय."

गुणमालाबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी तिच्या मडक्यातलं पाणी तिच्याच तांब्यानं घेतलं आणि त्या प्यायल्या. बाहेरचं न गाळलेलं पाणी त्या कधी पीत नसत. सुलाबाई तोंडाकडं बघतच राहिली. मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली होती, तिच्या भाषेत त्याचा अर्थ काय, आणि आपल्या भाषेत तो कसा उलटा झाला. वाक्य आपणच शिकवलं होतं, हेही सांगितलं.

सुलाबाई खाली बघून शेंगा फोडत होती. शेवटी म्हणाली, "मग त्यो खोकला?"

"नुसता खोकला होता. धुराचा असेल, थंडीचा असेल."

"हितं आल्याव लगीच गेला त्यो. मला वाटलं, आत उतरला." तिनं दाणे पितळीत टाकले. "रोज वाटायचं, आज न्हाई तर उद्या. पावसाळा बघत न्हाई म्हणून मी धरूनच हुते."

"तुला काही झालेलं नाही."

"भावाला पोरगं झालं, बाई. आजून हातात घेतलं न्हाई मी. हितनंच बघती."

तिनं रडायला सुरुवात केली नाही. राहीबाई मात्र ऐकत ऐकत जवळ आली होती, ती तोंडात पदर कोंबून तिथंच बांधावर बसली. मग उठून तिनं लेकीला हाताला धरून घराकडं नेलं. घराच्या दारात भावजय तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. सुलाबाई तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. भावजयीनं सासूकडं बघितलं, मग गुणमालाबाईंकडं बघितलं, आणि झोपलंय आता, म्हणून पोराला आत घेऊन गेली. सुलाबाई परत खोपीकडं वळली, शेंगा उघड्यावर राहिल्यात म्हणून.

गुणमालाबाई तिच्या मागोमाग गेल्या आणि गाडीत ठरवलेलं बोलल्या. साताऱ्याला चल. माझ्याकडं राहा. दवाखान्यात काम मिळेल, मी एकटीच असते, तुझी अडचण होणार नाही. हे त्या जरा जास्तच अजिजीनं बोलल्या. त्यांना त्याची लाज वाटली.

सुलाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "मडमेच्या दवाखान्यात ऱ्हायले तर लोक म्हणतील, खरंच कायतरी हाय. मी हितंच ऱ्हाती. ते आल्याव बघू."

"कधी येतील ते?"

"काय ठाव. लडाई संपंल तवा." मग ती हळूच म्हणाली, "तुमी आलासा, लय केलंसा. आता तुमीबी जावा. उनं उतराय लागली."

गुणमालाबाई परत आल्या. मिस कार्टरला त्यांनी सांगितलं की पोरगी धडधाकट आहे. खोपीचं त्यांनी सांगितलं नाही, पण मिस कार्टरनं विचारून विचारून ते काढून घेतलं. त्यानंतर ती रोग्यांशी मराठी बोलेनाशी झाली. पुन्हा कंपाउंडर मध्ये उभा राहू लागला. तो दोन शब्दांत सांगायचा आणि ती ऐकून मान हलवायची. शिकवणी चालू राहिली, पण ती आता नुसतं वाचायची. स्वतः वाक्य करायला सांगितलं की म्हणायची, आज नको. गुणमालाबाईंनी पुष्कळ प्रयत्न केले. साध्यासुध्या गोष्टी काढल्या, पावसाच्या, बाजाराच्या. मिस कार्टर हो किंवा नाही म्हणायची, आणि त्यातलंही नाही म्हणताना थांबायची. हळूहळू तीन दिवसांचे दोन झाले, दोनाचा एक, आणि मग चिठ्ठी येई की या आठवड्यात काम आहे. शाळेतल्या मास्तरणी आता गुणमालाबाईंशी बोलू लागल्या होत्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, बरं झालं बाई सुटलात. गुणमालाबाईंनी मान हलवली.

लढाई संपल्यावर वर्षभरानं मिस कार्टर मायदेशी निघाली. तिची आई थकली होती. निरोपाला गुणमालाबाई गेल्या तेव्हा व्हरांड्यात पेट्या बांधून ठेवल्या होत्या आणि खुर्च्या आत नेलेल्या होत्या. दोघी उभ्याच बोलल्या. परत कधी येणार, असं गुणमालाबाईंनी विचारलं.

"मी परत येईन असं मला वाटत नाही," मिस कार्टर म्हणाली. वाक्य सरळ, चांगलं मराठी होतं, 'नाही' तेवढं अजून वाटण्याला लावलेलं. गुणमालाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण टांगेवाला पेट्या उचलायला आला आणि ते राहून गेलं.

त्याच हिवाळ्यात बाळासो पलटणीतून सुटून आला. हे गुणमालाबाईंना कंपाउंडरकडून बाजारात कळलं. बापानं मागाहून त्याला खरं काय ते पत्रानं कळवलं होतं म्हणे. गडी आधी आईबापाकडं आलाच नाही. ट्रंक घेऊन मिरजेला उतरला आणि थेट सासुरवाडीला गेला. तिथं त्या खोपीत बायकोबरोबर आठवडाभर राहिला, तिच्या पितळीत जेवला, आणि मग तिला घेऊन गावी आला. दारात उभा राहून आईला म्हणाला, हिला घरात घेणार असशील तर मी येतो. अंबूबाई बाजूला झाली. लालासाहेबानं त्या दिवशी गावात गूळ वाटला म्हणे. कंपाउंडरला हे सगळं फार मजेचं वाटत होतं. गुणमालाबाईंनी त्याला दोनदा विचारलं, सुलाबाई कशी आहे, काही म्हणाली का. त्याला ते माहीत नव्हतं.

आपल्याला निरोप येईल असं त्यांना काही दिवस वाटत राहिलं. संक्रांतीला त्यांनी तीळ जरा जास्त आणून ठेवले. कुणी आलं नाही. यायला तसं कारणही नव्हतं.

स्वराज्य आल्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीला गुणमालाबाई सांगलीला निघाल्या होत्या. मोटर स्टँडवर गर्दी होती. लिंबाच्या सावलीला अंबूबाई गाठोड्यावर बसलेली त्यांना दिसली, आणि तिच्या शेजारी सुलाबाई, कडेवर दीडेक वर्षाचं पोरगं घेऊन. अंबूबाईनंच ओळखलं.

"मडमेच्या बाई न्हवं तुमी? मडम गेली व्हय?"

गेल्या, गुणमालाबाई म्हणाल्या. अंबूबाईनं चार गोष्टी विचारल्या. शाळा कशी चाललीय, एकट्याच असता का, आजून त्याच माडीवर का. सुलाबाई पदर पुढं ओढून बाजूला बघत होती. गुणमालाबाईंना वाटलं, ती ओळख दाखवणार नाही, आणि न दाखवण्यात तिची काही चूक नाही. सासूपुढं कोणती आठवण काढणार ती? पोरगं त्यांच्या चष्म्याकडं हात करत होतं. त्यांनी बोट पुढं केलं, ते त्यानं घट्ट धरलं.

सुलाबाईनं ते बघितलं. मग पोराला उचलून त्यांच्या हातात दिलं.

ते अंगानं गरम आणि वजनदार होतं. डोक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. गुणमालाबाईंना लहान मूल धरायची सवय नव्हती. त्यांनी त्याला अवघडून छातीशी धरलं, आणि ते त्यांच्या खांद्यावर गाल टेकून निवांत राहिलं. अंबूबाई तिकिटाच्या खिडकीकडं गेली होती. दोघी जणी बाजूबाजूला उभ्या होत्या. गाडीची वेळ झाली तसं सुलाबाईनं पोराला परत घेतलं, खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि सासूच्या मागं गेली.

सासू-सुनेची मोटर माहुलीच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली. गुणमालाबाई ट्रंकेवर बसल्या. पोराचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. सातारा रोडची गाडी यायला अजून वेळ होता, आणि शेजारी एक म्हातारा त्यांना विचारत होता की सांगलीला जायचं तर कुठं बदलायचं. त्यांनी त्याला नीट सांगितलं, आणि त्याला पुन्हा ऐकायचं होतं म्हणून पुन्हा सांगितलं.